विल्फच्या शेडचा बार झाला

मंगळवारी विल्फ रेन हॉस्पिटलातून घरी आला, त्या दिवशी दहा मिनिटं मागच्या अंगणात गेला, आणि त्यानंतर रविवारपर्यंत त्याने तिकडे पाऊल टाकलं नाही. खुब्याचं हाड जोडून सहा आठवड्यांनी आलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने डिसेंबरात बाहेर हिंडू नये हे खरंच. पण कारण ते नव्हतं, आणि ते आहे असं सोंगही घरात कुणी आणलं नव्हतं. त्याची खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी असायची आणि खिडकीतून शेड दिसायची. त्याने खुर्ची फिरवून मागितली आणि पाच दिवस तो गरम पाण्याच्या बॉयलरकडे बघत बसला.

रविवारी एक वाजता बारचं उद्घाटन होतं. ते पुढे ढकलावं असं कॉलिनने दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा त्याच्या आईने, ऑड्रीने, हॅम आणून ठेवला आहे एवढंच उत्तर दिलं.

कॉलिन हा थोरला. पंचावन्न वर्षांचा, लोकांच्या घरी ओटे आणि कपाटं बसवून देणारा सुतार; हात सोन्याचे, तोंड गरजेपुरतं. बारची कल्पना त्याची, आणि ती वाईट नव्हती. गावातला कामगारांचा क्लब एप्रिलमध्ये बंद पडला. खाण कधीच गेली होती, मग बस गेली, मग क्लब. साठ वर्षं दर रविवारी बारा ते दोन तिथे बसणारा विल्फ एप्रिलनंतरही रविवारी दाढी करायचा, टोपी घालायचा आणि बारा ते दोन घरातच कोचावर टोपीसकट बसायचा. हे कॉलिनला बघवेना. म्हणून बाप पडला, अ‍ॅम्ब्युलन्स त्याला घेऊन गेली आणि शेडची किल्ली जन्मात पहिल्यांदा त्याच्या गळ्यातून निघून टेबलावर आली, तेव्हा कॉलिनला वाटलं की हीच वेळ आहे. भाड्याने कचऱ्याचा कंटेनर आणला. शेड रिकामी केली. आतून लाकूड ठोकलं, ऊब राहावी म्हणून भिंतीत कापूस भरला, क्लबचं सामान विकायला निघालं तेव्हा मिळालेला लाल मखमली बाक, बिअरचा नळ आणि डार्ट्सचा गोल बसवला. दारावर बापाच्या नावाची दिव्यांची पाटी लावली. सहा आठवडे कामावरून आल्यावर तो हेच करत होता, आणि हे त्याने आजवर केलेलं सर्वांत चांगलं काम होतं. फळीला फळी अशी बसली होती की मध्ये नख जाऊ नये.

खरं तर त्या शेडमध्ये बार आधीपासून होताच. गिऱ्हाईक तेवढं वेगळं होतं. ऑगस्ट महिनाभर विल्फ लीकना साखर घालून काळी बिअर पाजायचा. स्वतः चहा प्यायचा.

लीक ही कांद्याच्या भाऊबंदांतली भाजी. पण या गावांत ती खायला कुणी लावत नाही. बुटकी आणि मांडीसारखी जाड करायची, सप्टेंबरात क्लबच्या टेबलावर मांडायची, पंचांनी फितीने मोजायची आणि मग वर्षभर त्यावर बोलायचं. बी पेरून वाण टिकत नाही, बी फिरतं. म्हणून चांगल्या गड्ड्याला डेंगळा येऊ द्यायचा. त्याच्या गोंड्यावर केसांसारखी बारीक हिरवी पिलं धरतात. गोंडा शेडमध्ये टांगून ठेवायचा आणि नाताळच्या आत पिलं एकेक सोडवून कुंडीत लावायची. पिलू म्हणजे पुन्हा तीच आई. रेनांचा वाण विल्फच्या बापाने खाणीतून वर येऊन, आंघोळीआधी, काजळीच्या हातांनी वाढवला होता. शंभर वर्षांत तो रेनांबाहेर गेला नव्हता, आणि या घरात विल्फखेरीज कुणाच्या हाती नव्हता. पोरांच्या तोंडी काही राहत नाही, असं विल्फचं मत होतं. त्यामुळे पोरांच्या डोक्यातही काही राहिलं नाही.

मंगळवारी त्याला दवाखान्याच्या गाडीतून थेट इथेच आणलं. कॉलिनने पाटी पेटवली. विल्फने वॉकर उंबऱ्यावर टेकवला. नळाकडे नाही, बाकाकडे नाही, तो वर तुळईकडे बघत राहिला.

"गोंडे कुठायत?"

कॉलिन हसत होता तो हसतच राहिला, कारण चेहरा बदलायलाही वेळ लागतो. "कुठले गोंडे?"

"इथे टांगलेले. दोन."

"ते वाळलेले कांदे?"

विल्फने त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे; तिथे खताचं माप खडूने लिहिलेलं असायचं, आता डार्ट्सचा गोल होता. "मला घरात ने," तो म्हणाला. शिवी दिली असती तर कॉलिनला बरं वाटलं असतं.

लिन रविवारी अकराला आली. पन्नाशीची, गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या जखमा बांधणारी नर्स, आणि घरातली भांडणंही तीच बांधायची. मंगळवारी फोनवर मात्र तिने भावाला फाडून खाल्लं होतं. बापाच्या आयुष्यात दोन गोष्टी होत्या, त्यातली एक तू कंटेनरमध्ये टाकलीस, असं ती म्हणाली. कॉलिनने शांतपणे आठवण करून दिली की रिकाम्या शेडचा फोटो त्याने तिला त्याच संध्याकाळी पाठवला होता आणि तिने त्यावर अंगठा उमटवला होता. लिनने फोटो पुन्हा उघडून पाहिला. कोपऱ्यात कंटेनर होता आणि त्यातून दोन लांब काड्या बाहेर आल्या होत्या. तेव्हापासून ती भावाच्या बाजूने झाली. दोघं मिळून गुन्हेगार असले की जरा बरं वाटतं.

मग बुधवारी तिने ते सांगितलं, जे ती दोन वर्षं लपवत होती. रेनांचा वाण आणखी एका घरात होता. पाच मैलांवर, अ‍ॅलेककाकाच्या काचघरात.

"तू त्याच्या घरी जातेस," विल्फ म्हणाला होता.

"त्याच्या पायाकडे जाते, बाबा. पायाला जखम आहे, मी नर्स आहे. पाय त्याचा निघाला त्याला मी काय करू?"

अ‍ॅलेक हा विल्फचा थोरला भाऊ. चव्वेचाळीस वर्षं त्याचं नाव या घरात घेतलं गेलं नव्हतं. एकोणऐंशी सालच्या सप्टेंबरात, लीकच्या प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी, विल्फ नाव नोंदवायला अर्धा तास क्लबात गेला आणि परत आला तेव्हा त्याचे सगळे लीक वाफ्यातच कापून टाकलेले होते. त्या अर्ध्या तासात अ‍ॅलेक मागच्या फाटकाशी दिसला होता. शेजारणीने पाहिलं होतं. या मुलखात माणूस दारू पिऊन बायकोला मारतो हे लोक विसरतात, लीक कापणारा विसरत नाहीत. कमिटीने अ‍ॅलेकला जन्मभरासाठी क्लबाबाहेर काढलं. दुकानात त्याच्या बायकोला, बेरिलला, कुणी रांगेत पुढे सरकू देईना. वर्षाच्या आत दोघांनी गाव सोडलं. लीक त्याने तरीही लावले, दरवर्षी, कुणालाही न दाखवता.

त्याचा निरोप लिनने जसाच्या तसा आणला होता, पट्टी बांधता बांधता ऐकलेला. बारा रोपं आणीन. माफी नको, या वयात माफी कुठे ठेवू. त्याने फक्त सगळ्यांसमोर म्हणायचं, अ‍ॅलेक, ते तू केलं नव्हतंस. एवढं एकच वाक्य.

"जे मला ठाऊक नाही ते मी म्हणणार नाही," विल्फ बॉयलरला म्हणाला होता. पण येऊ नकोस म्हण, असंही त्याने सांगितलं नाही. दिवस मोजले तर नाताळला तीन आठवडे उरले होते, आणि ब्याऐंशीव्या वर्षी पुढच्या वर्षीचं कुणी बोलत नाही.

कॉलिन आणि लिन चार दिवस आळीपाळीने त्याच्या मागे लागले. नुसतं वाक्य आहे, बाबा. म्हणून टाका. देवळातही माणूस न कळणारं कितीतरी म्हणतो.

ऑड्री हे सगळं ऐकत होती. ती हॅमच्या चकत्या लावत होती, पिवळ्या वाटाण्याचा घट्ट लगदा वाडग्यात भरत होती, कप विसळत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हाडापेराने लहान बाई. घरात तिचा आवाज भांड्यांतूनच यायचा. नवरा म्हणाला, जे मला ठाऊक नाही. तेव्हा तिने नळ बंद केला आणि पुन्हा सोडला.

कारण ठाऊक तिला होतं. ते लीक तिने कापले होते.

तिची आई त्या आठवड्यात मंगळवारी गेली होती आणि शुक्रवारी, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, पुरायची होती. विल्फ म्हणाला, लीक सोडून कसं येणार, कुणी काही केलं तर? पोरांना शेजारी ठेव, मी आहे इथे. तो आला नाही. शवपेटीमागून चालताना तिच्या बाजूची जागा मोकळी होती आणि सगळ्या मावश्यांनी ती पाहिली. आईला मातीत ठेवून ती दोन बस बदलून परत आली. घरात कुणी नव्हतं. जो लीक सोडून हलू शकत नव्हता, तो क्लबात गेला होता. वाफ्यात ते ओळीने उभे होते, पुसूनपुसून चकचकीत केलेले, पानांना आधाराला मऊ कापड बांधलेलं. तिच्या आईला शेवटच्या महिन्यात इतकं कुणी पुसलं नव्हतं.

काम झालं तेव्हा तिला फार बरं वाटलं. तास, दीड तास. मग विल्फ घरात येऊन अ‍ॅलेकचं नाव घेऊ लागला. अ‍ॅलेक फाटकाशी आला होता तो तिच्यासाठी. हातात फुलं होती, आईबद्दल वाईट वाटतं सांगायला. ती पोहोचण्याआधीच, दार वाजवून उत्तर न मिळाल्याने, फुलं पायरीवर ठेवून गेला होता. तिने ती उचलून पाण्यात ठेवली. सांगायचं ती उद्यावर टाकत गेली. उद्या कमिटी बसली, परवा निकाल लागला, आणि नंतर सांगण्यासारखं काही उरलंच नाही असं तिने मनाला पटवलं. दर नाताळला ती अ‍ॅलेकला आणि बेरिलला कार्ड पाठवायची. आत काय लिहावं ते कधी सुचलं नाही.

एकला पाच मिनिटं असताना गाडी थांबल्याचा आवाज आला. ऑड्रीने ॲप्रन सोडला आणि नवऱ्याला म्हणाली, "चल, उठ. तुझ्या नावाचा आहे तो बार. निदान बसून तरी दाखव."

अ‍ॅलेकला बार आवडला, हे त्याने कुणाला सांगितलं नसतं. उबदार होता, लाकडाचा वास होता. हातातला वर्तमानपत्राने झाकलेला ट्रे त्याने काउंटरवर ठेवला आणि भिंतीवरची फळी पाहिली. ती क्लबातली होती, लीकच्या विजेत्यांची, सोनेरी अक्षरांत. कॉलिनने हौसेने आणून लावली होती आणि लावताना वाचली नव्हती. सत्त्याहत्तर, ए. रेन. अठ्ठ्याहत्तर, ए. रेन. त्यापुढे दुसऱ्यांची नावं. अ‍ॅलेक पंच्याऐंशी वर्षांचा होता, आणि स्वतःचं नाव पुन्हा लिहिलेलं पाहायला चव्वेचाळीस वर्षं थांबला होता.

"काका, काय घेणार?" कॉलिनने विचारलं.

"थांबतो जरा," अ‍ॅलेक म्हणाला आणि कागद काढला.

बारा छोट्या कुंड्या, प्रत्येकीत बोटभर हिरवं. विल्फ मखमली बाकावर वॉकर धरून बसला होता. अ‍ॅलेकने पाहिलं, भाऊ खंगला आहे, कॉलर मानेला सैल झाली आहे. विल्फने भावाकडे पाहिलं नाही. रोपांकडे असं पाहिलं की लिनला नजर वळवावी लागली.

"लिन," विल्फ म्हणाला, "त्याला विचार, माती कसली."

"सांग त्याला, बापाचंच माप. मी भिंतीवर लिहीत नाही, डोक्यात ठेवतो," अ‍ॅलेक म्हणाला.

"मधली चार जाड दिसतात. विचार."

"मोठ्या गोंड्याची आहेत. आता त्याला म्हणावं, वाक्य म्हण."

लिनने दोघांकडे पाहिलं. कॉलिनने ग्लास पुसायला घेतला. तो पुसलेलाच होता.

"बाबा," लिन हळू म्हणाली, "एकच वाक्य आहे."

"जे मला ठाऊक नाही," विल्फ म्हणाला, "ते…"

"मी कापले," ऑड्री म्हणाली.

ती दाराशी सँडविचची थाळी धरून उभी होती. थाळी तिने काउंटरवर ठेवली, कारण हात मोकळे हवे होते आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. "आईला पुरून आले त्या दुपारी. तू क्लबात होतास. अ‍ॅलेक फुलं घेऊन आला होता, मला भेटायला. त्याने काही केलं नाही. मी केलं. आता म्हण वाक्य."

अ‍ॅलेकला आधी काही वाटलंच नाही. मग अर्धा मिनिट तो इतका हलका होता की त्या क्षणी त्याच्याकडे ट्रे मागितला असता तर गाडीसकट दिला असता.

विल्फ बायकोकडे बघत होता. रागाने नव्हे, एखादं अडलेलं बिजागर पाहावं तसा.

"कशाने कापलेस?"

"पावाच्या सुरीने."

विल्फने मान डोलावली. सावकाश, दोनदा. "दातेरी," तो म्हणाला. "म्हणजे तेच. कडा करवतल्यासारख्या होत्या, सगळ्यांच्या. मी तेव्हाच म्हटलं, हा लीकवाल्याचा हात नव्हे. लीकवाला एका घावात…"

तो थांबला, पण उशिरा थांबला.

"तेव्हाच?" अ‍ॅलेक म्हणाला.

मग लिनने विचारलं, कारण विचारणं तिच्या धंद्यात होतं, "बाबा, कमिटीला सांगितलंत हे?"

"कमिटीने विचारलं, कोण दिसलं. जे विचारलं ते सांगितलं."

"आणि ते कापलेले लीक? त्यांनी पाहिले असतीलच ना?"

"जाळले मी."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी." विल्फ वॉकरच्या दांड्याकडे बघत होता. "दोन वर्षं ओळीने तो जिंकला होता. तिसऱ्या वर्षीही जिंकला असता. लोक म्हणाले त्याने केलं. मी आपणहून नाव घेतलं, ते रागात घेतलं. नंतर कडा पाहिल्या. मग घरातलं कुणी असेल, हे मनात आणायचं की तो होता असं धरायचं? मी ते धरलं."

ऑड्री बाकाच्या टोकाला बसली. चव्वेचाळीस वर्षं तिने हे एकटीचं पाप म्हणून जपलं होतं. त्यात भागीदार होता हे कळून तिला हलकं वाटायला हवं होतं.

"आई, हे आत्ता कशाला काढलंस?" कॉलिन म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "बाबांना नुसतं म्हणायचं होतं."

"तू गप्प बस," लिन म्हणाली. "आईने तरी काढलं."

"तुला काय, तू दोन वर्षं तिकडेच जातेयस."

अ‍ॅलेकने वर्तमानपत्र उचलून त्याची घडी केली. मग तो ऑड्रीशी बोलला, भावाशी नाही.

"कार्ड यायचं तुझं. आत कोरं. बेरिल म्हणायची, लिहायचं विसरते बिचारी. रागाने नाही म्हणायची. मला एक सांगायचंय तुला, पोरी. बेरिलने मला कधी विचारलं नाही, तू केलंस का म्हणून. मी वाट बघायचो विचारेल म्हणून. विचारलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. ती न विचारताच गेली."

ऑड्री बाकावरून उठली.

"तुझ्यावर मी राग धरू शकलो असतो आणि सोडूही शकलो असतो," अ‍ॅलेक म्हणाला. "तू आईला पुरून आली होतीस. त्याला तर ठाऊक होतं." आणि त्याने दोन्ही हातांनी ट्रे उचलला.

"काका," कॉलिन काउंटरमागून बाहेर आला. "गोंडे मी फेकले. चूक माझी आहे, ह्यांची काहीही असो. दोन तरी राहू द्या. एक तरी."

"तू वाळलेले कांदे फेकलेस, बाळा. तुला कुणी शिकवलं होतं? तुझं काही चुकलं नाही." त्याने शेडवर एकदा नजर फिरवली. "काम चांगलं केलंयस. तुझ्या आजोबांना आवडलं असतं."

लिनने त्याच्यासाठी दार उघडलं. गार हवेचा लोट आत आला आणि रोपं थरथरली.

"वरून काहीतरी घाल," विल्फ म्हणाला. "बाहेर दव गोठलंय. शेंडे करपतील."

चव्वेचाळीस वर्षांनी तो भावाशी बोलला ते हे. अ‍ॅलेक उंबऱ्यावर थांबला. क्षणभर ऑड्रीला वाटलं तो वळेल, काहीतरी म्हणेल, निदान शिवी देईल. त्याने ट्रे लिनच्या हातात दिला, अंगातला कोट काढला, रोपांवर नीट पसरला, कडेने खोचला, आणि नुसत्या स्वेटरवर लंगडत बाहेर पडला. लिन ट्रे धरून त्याच्या बरोबर गेली. कॉलिनने त्याच्यासाठी न मागता काढलेला ग्लास नळाखाली तसाच होता.

विल्फ बाकावर पुढे सरकला आणि कॉलिनने बसवलेल्या नव्या खिडकीतून बघू लागला. अंगण ओलांडेपर्यंत, फाटकापर्यंत, गाडीचं मागचं दार लागेपर्यंत त्याने मान हलवली नाही. कुणाकडे बघतोस, असं ऑड्रीने विचारलं नाही. भाऊ गाडीच्या पुढच्या दारापाशी गारठून उभा होता, आणि नवऱ्याची नजर मागच्या सीटवरच्या ट्रेवर होती.